खडकावरची भागीदारी

मागच्या बैठकीत आमच्या दोघी म्हणाल्या, "वर्ष झालं, हाती काय आलं? आमचं नाव काढा." तेव्हा आम्ही मसाल्यातलं दगडफूल पुढे ठेवलं. ते एकटं नसतं. बुरशी आसरा देते, ओल धरते. शैवाल उन्हावर अन्न करतं.

त्याचं एक भावंड खडकाला खपलीसारखं चिकटतं. १९६३ साली आइसलँडजवळ समुद्रातून ज्वालामुखीचं बेट वर आलं, सुर्टसे. नुसता काळा खडक. १९७० साली तिथे पहिली दगडफुलं दिसली. त्यातलं प्लाकॉप्सिस खपलीचं. त्यात तिसरा भागीदारही असतो: हवेतला नत्र धरणारे जिवाणू, आपल्या हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठींसारखे. खडकावरच्या बहुतेक खपल्या इतक्या हळू वाढतात की वर्षभरात डोळ्यांना फरक कळत नाही. पण वाढतात.

मग आम्ही हिशोबाची वही उघडली. वर्षात सहा जणींनी गटातून कर्ज घेतलं होतं, सावकाराचं दार टळलं होतं. त्यात या दोघींपैकी एक होती.

नावं अजून वहीत आहेत. तुमच्याकडे कुणी निघायचं म्हणाली, तर आधी तिच्यापुढे वही उघडा.