कुंभारणीच्या घरात काय असते?



आज शेतीमालाच्या भावाबद्दल नाही, एका माशीबद्दल बोलणार आहोत. हसू नका.

कोनाड्यात, आढ्याला, खुंटीवरच्या कपड्यामागे चिखलाचे घर बांधणारी, बारीक कमरेची, काळी-पिवळी कुंभारीण तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. लहानपणी आपल्याला काय सांगितले? ती अळी आणून कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते आणि ती गुणगुण ऐकून अळीचीच कुंभारीण होते. कीर्तनातही हाच दाखला. भक्तीसाठी दाखला गोड आहे. पण घर फोडून पाहिले कोणी?

आम्ही पाहिले. एका खोलीत नऊ कोळी निघाले. मेलेले नव्हेत, लुळे पडलेले. कुंभारीण कोळ्याला नांगी मारून लुळे करते, अशा कोळ्यांनी खोली भरते, त्यांतल्या एकावर एकच अंडे घालते आणि तोंड चिखलाने लिंपते. अंड्यातली अळी ते ताजे कोळी खाऊन वाढते, कोश विणते आणि शेवटी कुंभारीण होऊन भिंत कुरतडून बाहेर पडते. अळी परकी नव्हतीच, तिचीच लेक होती. आणि गुणगुण? ती ओला चिखल थरथरवून बसवण्याची. तो कामाचा आवाज, मंत्र नव्हे.

आता कोणी विचारील, कोळी तर तुडतुडे खाणारा, पिकाचा मित्र. मग त्याला पकडणारी ही शत्रूच की! भावांनो, हिशेब इतका सरळ नाही. कुंभारीण एकटी राबते. तिला ना राणी, ना कामकरी. एकेक कोळी धरून आणते. तिच्यामुळे शेतातले कोळी संपल्याचे आम्ही पाहिले नाही. सरसकट फवारणी मात्र एका सकाळीत कोळी आणि कुंभारीण दोघांनाही मारते. मग तुडतुडे लवकर परततात, कोळी मागाहून. आणि जिथे कोळी नाही, तिथे कुंभारणीच्या लेकीला घास नाही.

म्हणून मागणे दोनच. दिवाळीच्या साफसफाईत घरटे खरवडण्याआधी पाहा. प्रत्येक खोलीला भोक पडले असेल तर लेकी गेल्या, खुशाल काढा. बंद असेल तर राहू द्या. ती गांधीलमाशीसारखी अंगावर येत नाही. मुठीत धरली तरच डसते. दुसरे, पंप पाठीवर घेण्याआधी ओळीत बसून पाने उलटा, कोळी मोजा.

ऐकलेले तपासून घ्या. हे भाषणसुद्धा.