शोरूमचं मागचं दार
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला पाच मिनिटं मिळाली आहेत. एक कबुली द्यायची आहे, पण तिची वाट ऑपेरा हाऊसवरून जाते.

शाळा सुटल्यावर आपण त्या नाक्यावर मोटारी बघायला जायचो. तिथली एक जुनी शोरूम आठवते? रस्त्याकडे भलीमोठी काच, उंच छत, आणि गाडी वळवता यावी म्हणून मध्ये एकही खांब नाही. बाजूच्या गल्लीतून उतार मागच्या वर्कशॉपकडे जायचा.

मुंबईत मोटार आली १८९८ साली. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते रॉयल ऑपेरा हाऊसचं उद्घाटन झालं. याच नाक्यावरची बॉम्बे सायकल अँड मोटर एजन्सी १९१९ची. नावातसुद्धा सायकल आधी, मोटार नंतर! १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. हा धंदा इथेच का वाढला? माझं मत असं, की गिऱ्हाईक मलबार हिलवर, कारागीर गिरगावच्या चाळींत, आणि नाका दोघांच्या मध्ये. इमारतही तशीच बांधलेली: गिऱ्हाइकाला पुढून काच, कारागिराला मागून गल्ली.

आपल्या वेळी त्या एवढ्या काचेमागे एकच फियाट उभी असायची. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, मग दाखवायला दहा गाड्या हव्यात कशाला?

आता कबुली. आठवीत मी वर्गात सांगितलं होतं, माझे बाबा त्या शोरूममध्ये गाड्या विकतात. तुमच्यापैकी तिघांनी मला एकदा काचेसमोर उभं केलं. म्हणाले, "दाखव." मी आतल्या टाय लावलेल्या एका गृहस्थांकडे बोट केलं. नेमके तेव्हाच गल्लीतून बाबा बाहेर आले. हातात रिकामा डबा, नखांत ग्रीस. ते मागे पत्रा ठोकायचे, डेंटिंगचं काम. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटाकडे पाहिलं, आणि ओळख न दाखवता पुढे गेले. घरी त्यांनी कधी विषय काढला नाही. मीही नाही.

गेल्या महिन्यात तिथे जाऊन आलो. काचेच्या जागी शटर आहेत. गल्लीतला उतार मात्र तसाच आहे, दगड चाकांनी गुळगुळीत झालेले. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली.

ते तिघं आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत. मित्रांनो, टायवाले ते गृहस्थ माझे कुणी नव्हते. निळ्या डगल्यात डबा घेऊन आपल्या शेजारून गेले ना, ते माझे बाबा.