फ्रिजमधले शिळेपाके



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. घरातला फ्रिज आवरणे हा काय रेडिओवरून बोलण्याचा विषय झाला? गेल्या वैशाखापर्यंत मलाही तसेच वाटत होते. फ्रिज हे आमच्याकडे सौ.चे खाते. पाण्याच्या बाटलीपुरता काय तो माझा हात आत जाई. पण त्या आठवड्यात सौ. माहेरी गेली होती. एके दुपारी वळीव कोसळला, वाऱ्याने कुठे तारा तुटल्या आणि वीज गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. मधल्या वेळात आत काय झाले असेल या काळजीने मी निदान दहा वेळा तरी दार उघडून पाहिले. ही माझी पहिली चूक. दार मुळीच न उघडले तर फ्रिजमधला गारवा साधारण चार तास टिकतो. मी तो पहिल्या तासाभरातच घालवला असणार.

सकाळी पाहतो तो स्वयंपाकघरभर पाणी, आणि दार उघडताच असा दर्प आला की मागे सरलो. आता आवरण्यावाचून गत्यंतर नव्हते. सगळे बाहेर काढून ओट्यावर मांडले. काय काय निघाले म्हणता? अर्धी वाटी आमटी. दोन वेगवेगळ्या दिवसांचा भात. वरून काळी पडलेली कणीक. कुणाच्या तरी लग्नातला लाडू, कागदासकट. पिवळी पडलेली नारळाची कवड. कोथिंबिरीची जुडी, जिचा पिशवीतच चिखल झाला होता. तुपासाठी साठवलेली साय. तिच्यावर हिरवी बुरशी. लोणच्याच्या तीन बरण्या, तिन्हींच्या तळाशी एक एक फोड. आणि दाराच्या कप्प्यात, लिंबांच्या शेजारी, आईच्या डोळ्यांत घालायचे थेंब.

आई दारात उभी राहून हे सारे पाहत होती. फ्रिजला ती आजही 'पेटी' म्हणते आणि पेटीतले अन्न सहसा खात नाही. ती म्हणाली, "एवढं उरतं तरी कसं रे तुमच्याकडं?"

मला आमचे गावाकडचे घर आठवले. रात्रीची जेवणे झाली की आईची एक फेरी असे. भाकरी किती उरल्या, कालवण किती उरले, हे ती रोज पाही. भाकरी सकाळच्या न्याहारीला, किंवा दुधात कुस्करून पोरांना. भात असला तर सकाळी फोडणीचा भात. दुधाला विरजण. दुभते जाळीच्या कपाटात नाही तर शिंक्यावर. ज्याला माणूस नाही ते गोठ्यात जाई. म्हणजे दिवसाचा हिशेब त्या दिवशीच मिटे. उन्हाळ्यात तर तो मिटवावाच लागे, कारण चुकले तर सकाळी वासच सांगे.

याचा अर्थ शिंके चांगले आणि फ्रिज वाईट, असे मला म्हणायचे नाही. त्या काळी हगवणीने पोरे दगावत, तेही आईच सांगते. पहाटे उठून रोज सारे ताजे करण्याची सक्ती बाईच्या मागून काही अंशी सुटली, ती या पेटीमुळे. पण फ्रिज आला आणि आमच्या घरातली ती रात्रीची फेरी बंद पडली, हे मात्र खरे. जे खाववत नाही आणि टाकवतही नाही, ते आपण फ्रिजमध्ये सारतो आणि निश्चिंत होतो. पुढे त्याचे काय करायचे, ते उद्यावर. उद्या त्याच्यापुढे दुसरी वाटी येऊन बसते.

आता जे सांगायचे ते सांगताना जीभ थोडी अडखळते. मी ओट्यावर दोन वाटे केले होते. एक टाकायचा. दुसरा आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना द्यायचा. अगदी खराब दिसत नव्हते असे त्या दुसऱ्या वाट्यात: आमटी, एक भात, दोन भाज्या. मावशी आल्या, तेव्हा मी नेहमीच्या डब्याकडे बोट दाखवले. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "सर, रागावणार नसाल तर सांगते. हे मी घरी न्हेत न्हाई. वाटेत उकिरड्यावर टाकते."

"मग इतके दिवस नेता कशाला?"

"वहिनी मायेनं देत्यात. न्हाई कसं म्हनू? एकदा नातवंडांस्नी भात घातला हुता. रातभर ओकत हुती दोघं."

तो भात आमचाच होता की काय, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. सौ. खरोखर मायेनेच देत होती, यात शंका नाही. पण चौथ्या दिवशीचा तो भात आमच्यापैकी कुणी आपल्या पानात वाढून घेतला असता का? गावाकडे गड्याला शिळी भाकर बांधून देताना आपण जे करीत होतो, तेच शहरात आल्यावर मी स्टीलच्या डब्यात करीत होतो.

त्याच दिवशी परीक्षेच्या कामासाठी कॉलेजात गेलो, तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सहकारी बाईंना गाठले. त्यांनी जे सांगितले, ते शिक्षक मित्रांना वर्गातही उपयोगी पडेल. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते, आणि काही जाती तर फ्रिजमध्येही सावकाश वाढत राहतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा धोक्याचा. अनुकूल उष्णतेत काही जंतू वीस वीस मिनिटांनी दुप्पट होतात. गुरुजींनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे: सात तासांत एकवीस वेळा दुप्पट, म्हणजे एका जंतूचे वीस लाखांहून अधिक. म्हणून शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. मोठे पातेले असेल तर लहान, पसरट भांड्यांत काढून, म्हणजे लवकर निवते. आणि तीन-चार दिवसांत ते संपले पाहिजे.

भाताविषयी त्यांनी विशेष बजावले. तांदळातल्या एका जंतूची बीजे भात शिजला तरी मरत नाहीत. भात उबेत तसाच पडून राहिला की ती रुजतात आणि विष तयार करतात, आणि हे विष पुन्हा तापवूनही जात नाही. "खळखळून उकळलं की झालं," अशी जी आपली समजूत आहे ती येथे फसते. फोडणीचा भात खुशाल करा, पण तो भात रात्री वेळेवर गार जागी गेलेला असावा. शिळ्या कढीला ऊत आणण्याची म्हण आपण भांडणासाठी वापरतो, ती भातालाही लागू आहे म्हणायची.

बाईंनी प्रयोगशाळेतला एक तापमापकही दिला. ताप पाहण्याचा नव्हे. तो ३५ अंशांच्या खाली उतरतच नाही. तो पाण्याच्या पेल्यात बुडवून, पेला मधल्या फळीवर रात्रभर ठेवायचा. वीज आल्यालाही तोवर पुरता दिवस झाला होता. सकाळी पारा ११ अंशांवर! ५ च्या आत हवा. म्हणजे इतके दिवस आमची पेटी अन्न राखत नव्हती, नुसते लपवत होती. दाराच्या रबरी पट्टीत कागद धरून दार लावले, तर कागद अलगद निसटून आला. पट्टी सैल. शिवाय फ्रिज भिंतीला टेकलेला आणि मागच्या नळ्यांवर धुळीचा थर. पट्टी बदलून घेतली, फ्रिज वीतभर पुढे ओढला, धूळ झाडली. दोन दिवसांनी पारा ४ वर आला.

स्वच्छ करण्याची रीत सोपी आहे. आधी बटण बंद करून प्लग काढावा. बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरी-उलथन्याने खरवडू नये, नळीला भोक पडले की गॅस जातो आणि बराच खर्च येतो. काचेच्या फळ्या गार असताना कढत पाण्यात बुडवू नयेत, तडकतात. लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घालून आतून पुसले की वास जातो. रबरी पट्टीच्या घडीत जुना दात घासायचा ब्रश फिरवावा. काळी बुरशी तेथेच बसते. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. घरात इन्शुलिन असेल तर ते दारात ठेवू नये, कारण दार सारखे उघडते. आणि बर्फाच्या कप्प्याजवळही ठेवू नये, गोठले की ते निकामी होते. गुरांची औषधे ठेवणाऱ्यांनी ती निराळ्या, झाकणाच्या डब्यात ठेवावी.

सौ. परत आल्यावर मी सारे सांगितले. भाताचे गणित तिने शांतपणे ऐकले. मावशींचे ऐकले आणि बराच वेळ बोलली नाही. हल्ली रात्री जेवणे झाली की आई काठी टेकत फ्रिजपाशी जाते आणि आम्हा दोघांकडून वाट्या मोजून घेते. मावशींना द्यायचे ते दुपारच्या स्वयंपाकातून, आमची पाने वाढण्याआधी.

परवा सौ.ने त्यांच्या हाती डबा दिला. मावशींनी तेथेच, तिच्यासमोर, झाकण काढून वास घेतला. असे त्यांनी पूर्वी कधीच केले नव्हते. मग झाकण घट्ट लावून डबा पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "वांगी व्हय? धाकट्याला आवडत्यात."