काळा दगड, पैनगंगा आणि आपली बचत

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक माणूस आला. पिशवीतून काळा दगड काढून म्हणाला, "हातात धरून बघा." लिंबाएवढा दगड, पण वजन केवढं! हाताला काजळी लागली. म्हणाला, हे मँगनीज. नदीपलीकडे सापडतं, तुमच्या डोंगरातही आहे. घरटी पाचशे रुपये टाका, ठेका घेऊ, वर्षात दामदुप्पट. दोघींनी तर लगेच पदराची गाठ सोडली.

बाकीच्या थांबलो. भीती वाटली म्हणून नव्हे, दगडाची माहितीच नव्हती म्हणून. मग विचारत गेलो. जे कळलं ते सांगतो.

तो दगड खोटा नव्हता. आदिलाबादकडे पैनगंगेच्या खोऱ्यात मँगनीज आहे. तिथल्या जुन्या खडकांना अभ्यासक आपल्या नदीचंच नाव देतात, पैनगंगा गट. शंभर कोटी वर्षांहून आधी तिथं समुद्र होता. त्याच्या तळाशी चुनखडी आणि गारेसारख्या दगडाचे थर बसले, त्यांतच मँगनीजच्या काळ्या पट्ट्या. पट्ट्या पातळ, वर घड्या पडलेल्या. म्हणून तिथल्या खाणीही लहान.

आणि आपला माहूरगड? तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो काळा पाषाण, ज्याचे आपण पाटे-वरवंटे करतो. जुने थर असलेच तर त्या लाव्ह्याच्या खाली गाडलेले. तेव्हा गडाचा दगड काळा आहे म्हणून त्यात मँगनीज आहे, असं होत नाही. घरी बघा, पाट्याचा तुकडा फुटक्या कौलावर घासला तर मँगनीजसारखी काळीभोर रेघ उठत नाही.

मँगनीज लागतं कशाला? पोलादाला. आपलं खुरपं, विळा ज्या पोलादाचा, त्यात थोडं मँगनीज असतंच. बॅटरीचा जुना सेल फुटला की आत काळी भुकटी दिसते ना, त्यातही तेच. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं मँगनीज सेलच्या कारखान्यांना जातं.

आपल्या महाराष्ट्रात या खाणी मोठ्या झाल्या नागपूर-भंडाऱ्याकडे. रामटेकजवळ मनसरला 1900च्या सुमारास काम सुरू झालं. माल जहाजानं परदेशी जायचा. 1962मध्ये सरकारनं त्यात भागीदारी घेतली, तीच आजची मॉईल कंपनी.

या खाणींत बाया होत्या, हे आम्हांला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पुरुष सुरुंग लावायचे, दगड फोडायचे. बाया हातोडीनं बारीक करायच्या, चांगला-वाईट निवडायच्या, टोपलं डोक्यावर घेऊन वाहायच्या. निवडणं म्हणजे तांदूळ निवडण्यासारखंच, फक्त उन्हात आणि धुळीत. त्या कामाला डोळा लागतो, तरी मोल कमीच. जमिनीखालच्या कामावर बायांना इंग्रजांनी बंदी घातली. मग महायुद्धात कोळसा कमी पडला तशी 1943मध्ये कोळसा खाणींची बंदी उठवली, आणि 1946मध्ये पुन्हा घातली. गरज होती तेव्हा बाई चालली! 2019मध्ये लेखी संमती असेल तर बायांना खाली तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांवर जायची मुभा मिळाली.

धुळीचंही सांगायला हवं. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर ती मेंदूला बाधते. हात थरथरतात, चाल अडखळते, बोलणं जड होतं. लोक त्याला वय झालं म्हणतात. कुणाच्या सासऱ्यांनी, आईनं अशा खाणीवर काम केलं असेल आणि असं दिसत असेल, तर डॉक्टरांना कामाची हकिगत जरूर सांगा.

आता ठेक्याचं. मँगनीजचा पट्टा सरकार देतं, आणि 2015पासून तो लिलावानंच मिळतो. पिशवीतला माणूस तो देऊ शकत नाही. शिवाय किनवट-माहूर भागातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथं जमीन घ्यायची तर ग्रामसभेला विचारावं लागतं, 1996च्या पेसा कायद्यानं. शंका आली तर नांदेडला कलेक्टर कचेरीत जिल्हा खनिकर्म अधिकारी बसतात. गटाच्या शिक्क्यानिशी अर्ज द्या, पोच घ्या.

तो माणूस दुसऱ्या बैठकीला आला तेव्हा आम्ही पट्ट्याचा कागद मागितला. गाडीत आहे म्हणाला, आणायला गेला, आला नाही. दोघींचे हजार रुपये गेले. एकीनं ते घरी अजून सांगितलेलं नाही. तिच्यावर कुणी हसू नये, आम्हीही फसण्याच्या बेतातच होतो. दगड मात्र विसरून गेला. तो आता गटाच्या पेटीत, ठरावाच्या वहीवर ठेवलेला असतो.