वारसाहक्काची शस्त्रे आणि आपले दायित्व



सक्करदरा म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे तेथील तलाव आणि भोसल्यांचा वाडा उभा राहतो. राजे रघुजीराव भोसले यांनी १९०८ साली संत ताजुद्दीनबाबांना या वाड्यात सन्मानाने आणले, तेव्हापासून हा परिसर सर्वधर्मीय भाविकांना परिचित झाला. त्याआधीचा इतिहास मात्र रणधुमाळीचा आहे. सीताबर्डीच्या टेकड्यांवर २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने इंग्रजांशी झुंज दिली. पुढे १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. फौजा पांगल्या, परंतु जुन्या घराण्यांतील शस्त्रे सर्वच काही सरकारजमा झाली नाहीत. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरालगतच्या खोलीत एखादी तलवार, कट्यार किंवा ठासणीची बंदूक आजही निघते. खंडेनवमीस ती पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि पुन्हा वर्षभरासाठी गुंडाळून ठेवतात.

अशा घरातील वडीलधाऱ्यांचा एक ठाम समज असतो. ‘ही तर पणजोबांची बंदूक. हिला परवाना कशाला?’ हा समज चुकीचा आहे, आणि तो घरादाराला भोवणारा आहे.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाने कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना एक सवलत दिली आहे. परंतु तिची अट नीट वाचावयास हवी. शस्त्र कालबाह्य घडणीचे असावे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे असावे अथवा मोडके असावे, एवढेच पुरेसे नाही. दुरुस्ती करून किंवा न करताही ते बंदूक म्हणून चालविता येणार नाही, अशी त्याची अवस्था असली पाहिजे. अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्यात १८९८ पर्यंतच्या बंदुकांना सर्वसाधारणपणे पुराणवस्तू मानतात. तेथे सनावरून निर्णय होतो. आपल्या कायद्यात या सवलतीसाठी असे कोणतेही साल नाही. नळी शाबूत आहे, घोडा पडतो आहे, किंवा गावच्या लोहाराने तासाभरात तो बसवून दिला तर बार निघू शकेल, अशी बंदूक दीडशे वर्षांची असली तरी ती कायद्याच्या दृष्टीने बंदूकच होय. याचा पुरावा कायद्यातच सापडतो. पीकसंरक्षणाच्या प्रामाणिक हेतूने ठासणीच्या बंदुकीस परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. जिला परवाना मिळू शकतो तिला निव्वळ शोभेची वस्तू कसे म्हणावे?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्यास किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. माळ्यावरच्या गाठोड्यासाठी एखाद्या निवृत्त शिक्षकावर ही वेळ यावी, हे कोणासही रुचणार नाही. परस्पर दुरुस्ती करून घेणे हाही गुन्हाच आहे, आणि त्यात बिचारा लोहारही अडकतो.

कायद्याहून निकडीची बाब जीविताची आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी नळीच्या तोंडातून भरतात आणि गजाने ठासतात. भरलेली बंदूक बाहेरून रिकाम्या बंदुकीसारखीच दिसते. काळी दारू कोरडी राहिली तर केवळ वयाने निष्प्रभ होत नाही. अनेक दशकांपूर्वीचा बारही उडू शकतो. जुनी, गंजलेली नळी अशा वेळी फुटण्याची धास्ती वेगळीच. म्हणून पूजेच्या वेळी घोडा ओढून पाहणे, मुलांच्या हाती बंदूक देऊन छायाचित्र काढणे, नळी विस्तवाजवळ नेणे हे सर्वथा वर्ज्य मानावे. बंदूक भरलेली आहे की नाही हे ठरविण्याचे काम पोलीस किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेता यांच्याकडील जाणकारांचे आहे. दारूचे शिंग अथवा केपांची डबी सापडली तर तिलाही हात न लावता पोलिसांना कळवावे.

परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नसतो. परवानाधारकाच्या निधनानंतर वारसाने शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि स्वतःच्या नावे अर्ज करावा. नागपूर शहरात हे अधिकार पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहेत. एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात; वारशाने आलेल्या बंदुकाही त्यातच मोजल्या जातात.

परवाना मिळाला म्हणजे मिरविण्याची मुभा मिळाली असे मात्र नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी बंदूक म्यानात वा पूर्ण आच्छादित असावी लागते. ती परजणे किंवा तिचा बार काढणे निषिद्ध आहे. वरातीत, मिरवणुकीत किंवा देवस्थानी आनंदाप्रीत्यर्थ बार काढून कोणाच्या जिवास धोका निर्माण केला तर दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश जारी असतो तेव्हा तलवार, भालाही घेऊन फिरता येत नाही. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाची हौस आपट्याच्या पानांनी भागविणेच उत्तम. शाळेच्या इतिहास प्रदर्शनात कोणा पालकाची खरी बंदूक मांडण्यापेक्षा शिक्षकांनी मुलांना नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात न्यावे. १८६३ साली स्थापन झालेल्या या ‘अजब बंगल्या’त जुनी शस्त्रे काचेआड, निर्धोकपणे पाहावयास मिळतात.

आता दुसरी बाजू. कायद्याचे नाव काढताच घाबरून जाणारी घरेही आहेत. तेथील शस्त्र रातोरात विहिरीत जाते किंवा भंगारवाल्याच्या तराजूत पडते. रघुजीराजे भोसले प्रथम यांची तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळविली आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईस आणली. सातासमुद्रापलीकडून एक शस्त्र परत आणावयाचे आणि घरचे किलोच्या भावाने विकावयाचे, ही विसंगती लाजिरवाणी आहे. शंभर वर्षांहून जुनी शस्त्रे १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याच्या कक्षेतही येऊ शकतात. असा पुरावशेष खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. शेतात किंवा पायाच्या खोदकामात तोफ वा मौल्यवान शस्त्र सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. सरपंचांनी ही वर्दी तलाठ्यामार्फत त्याच दिवशी द्यावी.

येथे अधिकारीवर्गाचीही जबाबदारी येते. स्वतः होऊन पुढे आलेल्या माणसाला आरोपीसारखे उभे केले तर पुढच्या खेपेस गल्लीतील कोणीही येणार नाही. जमा झालेले जुने शस्त्र मुद्देमालाच्या कोठडीत गंजत पडू न देता पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचा अभिप्राय मागवावा. मालकानेही नळी घासूनपुसून चकचकीत करू नये. त्या घासण्यात कारागिराचे नाव, सन आणि कोफ्तगरीचे काम निघून जाते. शस्त्र जमा करताना मिळणाऱ्या पावतीवर ‘एक जुनी बंदूक’ एवढाच शेरा न मारता नळीची लांबी, घोड्याचा प्रकार, दस्त्यावरील जडावकाम, कोरलेली अक्षरे आणि शस्त्र कोणाकडून कसे वारशाने आले याची नोंद करावी, छायाचित्र जोडावे व एक प्रत मालकाच्या हाती द्यावी.