शहराची भाकरी, आमचे रान
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सोलापूरची तहान भागवायला उजनीतून भीमेत पाणी सोडत आणि ते औज बंधाऱ्यापर्यंत पोचावे म्हणून काठच्या शेतीपंपांची वीज तोडत. शहराने पाणी प्यावे, आमची ना नाही. पण शहर भाकरीचा हिशेब कधी करणार?

मादागास्करची राजधानी अंतानानारिवो. तिच्याभोवतीची खाचरे शहराला भात देतात, पुराचे पाणीही पोटात घेतात. भराव पडले, तिथे पाणी घरांत शिरते. आमच्याकडे पाऊस कमी, पण धडा तोच. सोलापूरभोवतीची काळी राने परतीच्या पावसाची ओल धरून ज्वारी आणि कडबा देतात. प्लॉट पडले की ओलही गेली, भाकरीही गेली.

मग रानावर हिरव्या पट्ट्याचा शिक्का मारायचा? भावाविना शिक्का म्हणजे शिक्षा. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद केली आणि सोलापूरच्या बाजारात भाव कोसळले. अशाने रान टिकणार कसे?

1966 च्या नगररचना कायद्याने विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकत घेता येते. गावोगावहून लेखी मागू: शुद्ध केलेले सांडपाणी शेतीला द्या, शहरात थेट विक्रीला जागा द्या. दिल्लीला बजावू: भाव पाडू नका. मग रान राखायचे की विकायचे, ते आम्ही ठरवू.