रमाबाईंची तहान

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पंडिता रमाबाई : व्यक्ती आणि कार्य’ असा विषय छापलाय. त्यातलं कार्य तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. १८८२चा आर्य महिला समाज, १८८९चं शारदा सदन, नंतर केडगावचं मुक्ती मिशन. आपल्या पोस्टर प्रदर्शनात सावित्रीबाई आणि ताराबाई शिंद्यांच्या शेजारी त्यांचा फोटो असतो, खाली चार ओळी असतात आणि शेवटचं अर्धं वाक्य असतं, ‘पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.’ जणू बाईंनी घर बदललं! आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेमकं उलटं चालतं. तिथं बाप्तिस्म्याची गोष्ट रंगवून सांगतात आणि बाप्तिस्म्यानंतर बाईंनी बिशपांशी जे वाद घातले त्याबद्दल अवाक्षर नाही. मी या दोन्ही ठिकाणी जाते-येते. म्हणून आज मला त्या अर्ध्या वाक्याबद्दलच बोलायचंय.

आधी मी कोण ते सांगते. मी नगर जिल्ह्यातली. आमचं घराणं महारवाड्यातलं, ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या. रविवारी मी उपासनेला जाते आणि सोमवारी मोर्चाला असते. मोर्चातल्या मैत्रिणी प्रेमानं विचारतात, ‘अगं, एवढी विचार करणारी तू, तुला हे देवबिव कशाला लागतं?’ देवळातली माणसं तितक्याच प्रेमानं विचारतात, ‘ताई, त्या घरं मोडणाऱ्या बायकांत तुम्ही कशाला जाता?’ दोन्ही प्रश्नांना उत्तर देताना मला रमाबाईंचा आधार वाटतो.

रमाबाईंचा जन्म १८५८चा, गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, तिनं मुलीला शिकवलं. त्यासाठी त्यांना धर्ममार्तंडांचा रोष पत्करावा लागला, हे आपण कौतुकानं सांगतो. पण घरात शिक्षणाइतकीच दुसरी एक गोष्ट होती, ती म्हणजे देवाचा शोध. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थांमागून तीर्थं पायी हिंडलं. पुराण सांगायचं, मिळेल ती दक्षिणा घ्यायची, ती देवाब्राह्मणाला द्यायची, उपास करायचे, देवळात बसून देवाच्या उत्तराची वाट बघायची. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाची झळ बसली तेव्हा जवळचं सगळं संपलं. झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर दिवस काढले. वडील गेले, आई गेली, मग बहीण गेली. मागं राहिली रमा आणि भाऊ श्रीनिवास. ती दोघं तशीच चालत राहिली आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचली.

तिथं त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, हे आपल्याला माहीत असतं. त्यापुढचं मला फार महत्त्वाचं वाटतं. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना सांगितलं, ‘बायकांना त्यांच्या कर्तव्याबद्दल व्याख्यानं द्या.’ व्याख्यानं द्यायची तर धर्मशास्त्रं वाचायला हवीत. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हातात दिली. आजवर बाईच्या जातीला वेद नाही म्हणून घरातही ते शिकवले नव्हते. रमाबाईंनी वाचायला सुरुवात केली आणि पुढं १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितलंय की शास्त्रांचं एकमेकांशी कशातच जुळत नव्हतं, फक्त दोन बाबतींत सगळ्यांचं एकमत होतं. एक म्हणजे बाई, मग ती कुठल्याही जातीची असो, स्वभावतःच वाईट, आणि तिला मोक्ष नाही. असला तर नवऱ्याला देव मानून, नवऱ्याच्या मागोमाग. दुसरं म्हणजे शूद्राचीही तीच गत.

आता विचार करा. जिच्या आईवडिलांनी मोक्षापायी पायांची चाळण केली, त्या पोरीला विशीत कळतंय की हे दार आपल्यासाठी मुळात नव्हतंच. आपण याला ‘पितृसत्तेची जाणीव’ म्हणू, आणि ते खरंही आहे. पण बाईंना नुसता रागच आला असं नाही. त्यांना तहान होती. ‘मला समान हक्क द्या’ याच्याही आत एक प्रश्न होता : देवाला मी चालते का? बाई म्हणून, कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही, मी जशी आहे तशी?

हा प्रश्न आपल्याकडे येणाऱ्या बायकांना पडत नाही असं वाटतं का तुम्हाला? केस घेताना आपण मारहाण विचारतो, पोटगी विचारतो, मुलं कुणाकडे ते विचारतो. टाकलेली बाई चौथ्या भेटीत हळूच म्हणते, ‘ताई, मीच काही पाप केलं असंल का हो?’ आपण तिला ‘तसं काही नसतं गं’ म्हणून गप्प करतो. मला हे पुरेसं वाटत नाही.

आणखी एक गंमत. कलकत्त्यालाच रमाबाई आणि त्यांचा भाऊ प्रथम एका ख्रिस्ती मेळाव्याला गेली. लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसलेले. यांना वाटलं, हे खुर्च्यांची पूजा करतात! संस्कृत बायबल भेट मिळालं, त्याची भाषाच उमजेना, वेळ फुकट जातो म्हणून बाजूला ठेवलं. म्हणजे कुणी फूस लावली आणि बाई बाटल्या, असं झालेलं नाही. १८८० साली भाऊ गेला. बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर नोंदणी लग्न केलं. त्या घरात लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. नवऱ्याला बायकोची ही ओढ पसंत नव्हती. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच तो पटकीनं गेला. कडेवर मनोरमा घेऊन बाई पुण्याला आल्या आणि १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या.

तिथं लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी वाँटेजच्या सिस्टर्सचं एक घर पाहिलं. ज्यांना जग ‘पतित’ म्हणतं त्या बायकांना तिथं मायेनं वागवत होते. बाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता? आपल्याकडे अशा बाईला शिक्षा देणारी शास्त्रं त्यांना तोंडपाठ होती, जवळ घेणारं एकही त्यांच्या वाचनात आलं नव्हतं. उत्तर म्हणून एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी बाईची गोष्ट.

ती मी माझ्या पद्धतीनं सांगते. भर दुपारची वेळ. बाई एकटीच विहिरीवर आलीय. पाच नवरे होऊन गेलेले, आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नाही. अशी बाई चारचौघींबरोबर पाणवठ्यावर येत नाही, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. येशू तिथं दमून बसलाय आणि तिच्याकडे पाणी मागतो. तीच दचकते. तू यहूदी, मी शोमरोनी, माझ्या हातचं पाणी कसं मागतोस? यहूदी लोक शोमरोनी माणसांशी भांड्याचा व्यवहार करत नसत.

मी महारवाड्यातली आहे, म्हणून या जागी माझा घसा दर वेळी भरून येतो. महाडचं तळं १९२७चं. माझ्या पणजीच्या हातचं पाणी गावात कुणी प्यालं नाही. आणि इथं देव म्हणून ज्याची पूजा करायची, तोच तिच्याकडे पाणी मागतोय.

पुढं ती त्याला एकदम धर्मशास्त्राचा प्रश्न विचारते. आमचे पूर्वज या डोंगरावर भजन करतात, तुम्ही म्हणता यरुशलेमेत करायला पाहिजे. खरं कुठलं? आणि तो तिला गप्प बसवत नाही, तुझं चारित्र्य बघ आधी, असं म्हणत नाही. सरळ उत्तर देतो : ना हा डोंगर, ना यरुशलेम. भजन आत्म्यानं आणि खरेपणानं करायचं. सगळी तीर्थं पायांनी तुडवलेल्या रमाबाईंना हे ऐकताना काय झालं असेल! ती शोमरोनी बाई मग घागर तिथंच टाकून गावात जाते आणि गावाला सांगत सुटते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी वाँटेजला बाप्तिस्मा घेतला.

आता देवळात न सांगितला जाणारा भाग. बाप्तिस्मा घेतला म्हणजे बाई हाताशी आल्या असं तिथल्या वडीलधाऱ्यांना वाटलं असावं. बाई अंडं घातलेलं पुडिंग खाईनात. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, म्हणून अडून बसल्या. त्र्यैक्याच्या सिद्धांतावर पानंच्या पानं वाद घातला. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असं ठरत होतं, तर बिशपांनी हरकत घेतली की हिंदुस्थानात परतल्यावर हे शोभायचं नाही. बाई खवळल्या. आपल्या देशातल्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं मानेवर घेणार नाही, अशा आशयाचं त्यांनी सिस्टर जेराल्डिनना कळवलं. हा पत्रव्यवहार १९७७ साली छापून आलाय. इंग्रजी येणाऱ्यांनी जरूर वाचावा. समर्पण आणि ताबेदारी यांतला फरक मला त्या पत्रांनी शिकवला. देवापुढे वाकलेली बाई माणसांपुढे वाकेलच असं नाही.

हे मला रोज उपयोगी पडतं. आमच्याकडे एका पाळकसाहेबांनी मार खाणाऱ्या एका बहिणीला सांगितलं, ‘हा तुझा क्रूस आहे, तो वाहा.’ मी त्यांना विचारलं, येशूनं कुठल्या बाईला मार खायला परत पाठवलं ते पवित्र शास्त्रात दाखवा. अजून दाखवलेलं नाही. कायदाही काही वेगळा नव्हता. १८६९च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं यावर बोट ठेवलं, दुरुस्ती आली २००१ साली.

बरं, बाप्तिस्म्यानं रमाबाईंची तहान भागली का? त्या स्वतःच सांगतात, नाही. आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास, त्यांना जाणवलं की आपण ख्रिस्ती धर्म पत्करला तो बुद्धीला पटला म्हणून, पण ज्याच्यासाठी पत्करला तो काही भेटलेला नाही. त्या वेळी शारदा सदन जोरात चाललं होतं, देशोदेशी नाव झालं होतं, आणि आत मात्र कोरडं. मग जे झालं त्याला त्या आनंद म्हणतात, शांती म्हणतात. त्याचं विश्लेषण मी करणार नाही. एवढंच सांगते की दिवसभर पोलीस स्टेशनात बसून आल्यावर रात्री दिवा मालवून मी जेव्हा बोलते, तेव्हा कुणीतरी ऐकतंय असं मला वाटतं. ही माझी कमजोरी आहे असं मला वाटत नाही. माझ्या पायातलं बळ तिथून येतं.

अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. १८९३मध्ये शारदा सदनावर वादळ आलं, मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून. ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं. संस्थेत धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलं होतं आणि ते दिलं जात नव्हतं. पण बाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करत, मुली येऊन बसत. माझं मत विचाराल तर यात जबरदस्ती नव्हती. दार लावून घ्या म्हणणाऱ्यांनी त्या विधवांसाठी स्वतःचं कुठलं दार उघडं ठेवलं होतं? जोतिराव फुल्यांनी १८८५ सालीच ‘सत्सार’मधून बाईंची बाजू घेतली होती, ती काही उगाच नव्हे.

केडगावचं मात्र इतकं सोपं नाही. १८९६-९७च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून तीनशेच्या आसपास मुली-बायका आणल्या, गुजरातच्या दुष्काळानंतर संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्या मेल्या असत्या, किंवा विकल्या गेल्या असत्या. पण जी भाकरी देते तिचा धर्म भुकेली पोर कशी नाकारणार? तिथं पूर्ण मोकळी निवड होती असं मी म्हणणार नाही. माझ्या पणजोबांबद्दलही लोक म्हणतात, पोटासाठी धर्म सोडला. असेलही. पण गावकुसाबाहेरचं जिणं त्यांनी कुठं निवडलं होतं? ते कुणी विचारत नाही. आणि पोटासाठी आलेल्या माणसाला पुढं देव भेटतच नाही, असंही कुणी समजू नये. माझी आजी अक्षर ओळखायला लागली ती योहानाच्या शुभवर्तमानावर बोट ठेवून.

त्यावरून शेवटचं सांगते. बाईंनी आयुष्याची अखेरची वर्षं बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण प्रचलित भाषांतरातली संस्कृतप्रचुर भाषा साध्या बाईला कळत नव्हती. ज्यांना संस्कृतसाठी पदवी मिळाली त्यांनीच संस्कृत बाजूला सारलं! खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम केडगावच्या बायकांनी केलं. संपूर्ण बायबल भाषांतरित करणारी जगातली पहिली बाई असं त्यांना कुणी कुणी म्हणतं, ते बरोबर नाही, अमेरिकेत ज्युलिया स्मिथचं १८७६ सालीच छापलं गेलं होतं. पण छापखान्यातसुद्धा बायका, हे मला कुठं सापडलेलं नाही. १९२१च्या जुलैत मनोरमा गेली, तरी बाईंनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या वारल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. संपूर्ण पुस्तक १९२४ साली निघालं.

आता चहाची वेळ झालीय. पण समोरच्या दोघी-तिघी मघापासून हात वर करून बसल्यात, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.